घरच्या घरी दोरीवरच्या उड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोरी आणली, चार दिवस हौसेने उड्या मारल्या, पाचव्या दिवशी पोटऱ्या इतक्या धरल्या की जिना उतरवेना, आणि दोरी खुंटीला गेली ती गेलीच. बऱ्याच जणांच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे. पहिल्या खेपेला माझंही हेच झालं. दुसऱ्या खेपेला मी एकच गोष्ट बदलली: दम शिल्लक असतानाच थांबत गेले. आता सहा वर्षं झाली, दोरी सुटलेली नाही. मैत्रिणी, त्यांच्या मुली, सोबत काम करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

दोरीच्या उड्यांनी वजन खरंच कमी होतं का?

होतं, पण एकट्या दोरीने फार हळू होतं. हिशोबच मांडू या. मिनिटाला १०० पेक्षा कमी उड्यांचा संथ वेग धरला, तर ६५ किलो वजनाच्या माणसाच्या मिनिटाला साधारण ९ ते १० कॅलरी खर्च होतात. १०० ते १२० चा वेग ठेवला, तर १२ ते १३. म्हणजे १००० उड्या, सलग मारल्यास सुमारे दहा मिनिटांचं काम, ढोबळमानाने ११० कॅलरींचं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. खाण्यापिण्यात काहीच न बदलता रोज १००० उड्या मारल्या, तर एक किलो उतरायला सत्तर दिवस लागतील.

हा आकडा ऐकून काही जणांचा हिरमोड होतो. तरी मी तो आधीच सांगते, कारण "महिन्यात दहा किलो" असं वाचून सुरुवात करणारी माणसं तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. वजनाचा मोठा वाटा ताटात ठरतो. दोरी त्याला जोड देते, आणि त्याखेरीज जे देते (दम, पायांची ताकद, तोल, चपळपणा) ते काट्यावर दिसत नाही.

"१० मिनिटं दोरी म्हणजे अर्धा तास धावणं" हे खरं आहे का?

कॅलरींच्या हिशोबाने नाही. साध्या, सावकाश धावण्याशी तुलना केली तर १० मिनिटं सलग दोरी म्हणजे १३ ते १७ मिनिटं धावणं. झपझप चालण्याच्या मात्र ती दुप्पट ते पावणेतीनपट भरते. शिवाय नवख्या माणसाची "१० मिनिटं दोरी" खरं तर ४ मिनिटं उड्या आणि ६ मिनिटं धापा अशी असते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं तसंच होतं. फक्त हिशोब करताना उड्यांचीच मिनिटं धरा.

रोज किती उड्या माराव्यात? १००० चं लक्ष्य ठेवू का?

सुरुवातीला उड्या मोजूच नका, वेळ मोजा. आकडा डोक्यात असला की माणूस तो गाठायला पाय दुखत असतानाही ओढत राहतो, उडी बिघडते आणि इजा होते.

मी सगळ्यांना हा क्रम सांगते. पहिले दोन आठवडे, एक दिवस आड: २० सेकंद उड्या, ४० सेकंद जागच्या जागी सावकाश पावलं, अशा ८ फेऱ्या. झालं. एकूण उड्यांची वेळ तीन मिनिटंही भरत नाही आणि तसंच हवं आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३० सेकंद उड्या, ३० सेकंद विश्रांती, १० फेऱ्या. पाचव्या-सहाव्यात ४० सेकंद उड्या, ३० विश्रांती, १० ते १२ फेऱ्या. सहा आठवड्यांनी मिनिटभर उड्या आणि अर्धा मिनिट विश्रांती बहुतेकांना जमते. तिथून पुढे हवं तर आठवड्यात चार-पाच दिवस करा. १००० उड्या तेव्हा आपोआपच होतात.

एखाद्या आठवड्याचा टप्पा जड गेला तर तोच आठवडा पुन्हा करा. वजन जास्त असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा बरीच वर्षं व्यायाम नसेल, तर प्रत्येक टप्पा दुप्पट दिवस चालवा. त्याआधी महिनाभर रोज चालणं ठेवलंत तर आणखी चांगलं.

पण दम पुरत असताना का थांबायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा.

शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं लवकर रुळतात, दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो. स्नायूंना त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. पण पोटरी आणि टाच जोडणारी जाड शीर, तळपायाखालचा ताणलेला पट्टा आणि नडगीचं हाड यांना कित्येक महिने लागतात, कारण तिथे रक्तपुरवठा कमी किंवा नवं हाड घडण्याची क्रिया संथ. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात अशी अवस्था येते की छाती म्हणते "अजून दहा मिनिटं सहज", आणि पाय आतून कुरकुरत असतात. ती कुरकुर ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

माझ्या पहिल्या खेपेला नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार बोटांपासून वीतभर, दुखरी रेघ उमटली होती. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की पहिली पाच-सहा पावलं ती बोचायची, मग दिवसभर गप्प. गप्प झाली म्हणून मी संध्याकाळी पुन्हा उड्या मारायचे. दहा दिवसांत चालतानाही दुखू लागलं आणि नंतर दोन महिने सगळंच बंद. चार दिवस आधी थांबले असते तर आठवड्यात निभावलं असतं.

म्हणून खूण लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्यासारख्या वाटणं, दाबलं की दुखणं, हे साहजिक आहे आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. पण नडगी, टाचेमागची शीर किंवा टाचेचा तळ सकाळच्या पहिल्या पावलांना बोचत असेल, तर उड्या थांबवा आणि बोचणं पूर्ण जाईपर्यंत नुसतं चाला. हाडावर एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी दुखत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

दोरी कोणती घ्यावी आणि किती लांब?

नवख्यांसाठी प्लास्टिकच्या मण्यांची दोरी सगळ्यात बरी. तिला थोडं वजन असतं, हवेत तिचा गोल आकार टिकतो आणि जमिनीला टेकली की टक् असा आवाज येतो, त्यावर ताल धरता येतो. साधी पीव्हीसीची दोरीही चालते. नवी असताना तिला घडीचे वळ असतात, ते कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून, ताणून टांगली की जातात. सुती दोरी हलकी पडते आणि मध्येच ढिली होते. बारीक तारेची दोरी वेगासाठी आहे. चुकली की पायावर चाबकासारखी बसते, ती सुरुवातीला नको. जड दोरी खांदे-दंडांना काम देते, पण तीही नंतर.

लांबी मापायची पद्धत सोपी आहे. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवा आणि दोन्ही मुठी सरळ वर ओढा. मुठींची वरची टोकं काखेपर्यंत आली की पुरे. हात बसला की छातीच्या मध्यापर्यंत आखूड करा. लांब दोरी डोक्यावर लोंबते आणि पायात घुटमळते, आखूड दोरी पाठ वाकवायला लावते.

दोरीचा मधला वीतभर भाग अधूनमधून बोटांत धरून पाहा. रोज त्याच जागी जमीन घासत असल्याने तो चपटा आणि खरखरीत होत जातो, आणि तुटते ती तिथेच.

उडी नेमकी कशी मारायची?

उंच नाही, हे पहिलं. दोरी जेमतेम बोटभर जाडीची असते. तिला जायला पायाखाली दोन-तीन सेंटिमीटर जागा पुरते. बहुतेक जण वीतभर उडतात आणि तिथेच दमतात, तिथेच गुडघे दुखवून घेतात.

चवड्यावर उडा, चवड्यावरच या. टाच जमिनीला हलकेच शिवली तर चालेल, आपटता कामा नये. गुडघे ताठ नकोत, किंचित सैल ठेवा. उडताना पाय मागे दुमडायचे नाहीत. कोपरं बरगड्यांजवळ, हात कमरेच्या उंचीवर, जरासे पुढे. दोरी मनगटाने फिरवायची, खांद्याने नव्हे. नजर समोर. पायांकडे पाहिलं की मान झुकते, दोरी मागे डोक्याला लागते आणि ताल तुटतो.

कानाचा उपयोग करा. नीट उडीचा आवाज फार कमी येतो, दोरीचा टक् त्याहून मोठा असतो. पाय धपधप वाजू लागले की समजा, पोटऱ्या दमल्या आहेत आणि धक्का आता सांध्यांवर जातो आहे. फेरी तिथेच संपवा, सेकंद शिल्लक असले तरी.

दोरी सारखी पायात अडकते. काय करू?

बहुतेकदा चूक पायांची नसते, हातांची असते. दमल्यावर हात नकळत शरीरापासून लांब जातात, तेवढी दोरी आखूड होते आणि बोटांना अडकते. कोपरं आत घ्या.

दुसरं कारण म्हणजे दोन दोन उड्या. दोरी एकदा फिरते आणि मध्ये एक छोटी उडी जास्तीची पडते. लहानपणी बहुतेक जण असंच शिकलेलो असतो. ती सवय मोडायला दोरीच्या दोन्ही मुठी एकाच हातात धरा, अंगाच्या एका बाजूला दोरी फिरवा आणि दर टक् ला एकच उडी मारा. मग दुसऱ्या हाताने. तीन-चार दिवस पाच-पाच मिनिटं असं केलं की ताल अंगात भिनतो. मला आठवडा लागला होता. एका शेजारीण काकूंना तीन आठवडे लागले आणि आज त्यांची लय माझ्यापेक्षा सुंदर आहे.

घरात जागा कुठली? फरशीवर चालेल?

दोरी फिरायला डोक्यावर हातभर आणि पुढे-मागे मिळून आठ-नऊ फूट मोकळी जागा लागते. सुरू करण्याआधी वर बघा: पंखा, दिवा, लोंबणारं काही. पहिली फेरी हळू फिरवून खात्री करून घ्या.

उघडी फरशी किंवा सिमेंट कडक असतं, आणि फरशी घामाने निसरडीही होते. लाकडी जमीन असेल तर उत्तम. नसेल तर सहा ते दहा मिलिमीटर जाडीची, घट्ट रबरी मॅट घ्या. योगासनांची मऊ मॅट नको. तीत चवडा रुततो, घोटा डगमगतो आणि दोरी मॅटची कड उचलते. गालिचाही नको. खाली कोणी राहत असेल तर मॅटने त्यांचा त्रासही बराच कमी होतो, तरी एकदा जाऊन वेळ विचारून घ्यावी.

अनवाणी मारू का?

सुरुवातीला नको. चवड्याखाली गादी असलेले, घोट्याशी घट्ट बसणारे बूट घाला. टाचेला फार उंच असलेले टाळा. बायकांनी घट्ट आधार देणारी, व्यायामासाठीची ब्रा जरूर वापरावी. उड्यांमध्ये छातीला बसणारे हिसके दुखरे असतात, आणि त्या त्रासामुळे अनेक जणी काही न बोलता उड्याच सोडून देतात.

गुडघे खराब होतात का?

निरोगी गुडघे बुटक्या, हलक्या उड्यांनी झिजत नाहीत. उलट बेताचे धक्के हाडांना मजबूत व्हायला सांगतात. पण गुडघा आधीच दुखत असेल, सुजत असेल किंवा सांध्याची झीज निघालेली असेल, तर आधी चालणं, सायकल आणि मांड्यांची ताकद वाढवणारे व्यायाम, आणि उड्यांचा निर्णय तपासून घेऊन.

कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये?

हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, चालताना छातीत दुखणं किंवा चक्कर येणं, ठिसूळ हाडं, मणक्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, वजन फारच जास्त असणं. यातलं काही असेल तर आधी विचारा.

मधुमेह असणाऱ्यांनी दोन गोष्टी खास पाहाव्यात. पायांना बधिरपणा असेल तर फोड किंवा जखम कळत नाही, आणि डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर उड्यांचे हिसके धोक्याचे ठरू शकतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायामाच्या वेळी साखर हाताशी ठेवा.

रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात. अशांनी घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये. फेरी संपल्यावर तुटक तुटक का होईना, एक वाक्य बोलता आलं पाहिजे. ते येत नसेल तर जोर जास्त झाला. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी: लगेच थांबा आणि मदत मागा.

उड्या मारताना लघवीचे थेंब गळतात. हे फक्त मलाच होतं का?

अजिबात नाही. हा प्रश्न मला नेहमी सगळ्यांत शेवटी, आवाज खाली करून विचारला जातो. बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, उडीच्या दाबाने थेंब निसटतो. हे फार जणींना होतं आणि त्यावर इलाज आहे.

उड्या काही काळ थांबवा आणि ते स्नायू आवळण्याचा व्यायाम करा: लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतात तेच, पाच-सहा सेकंद आवळून तितकाच वेळ सैल सोडायचे, दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नये. तीनेक महिने नेमाने केलं तर बहुतेकींना फरक पडतो. स्नायू नीट आवळले जात आहेत का हे फिजिओथेरपिस्ट तपासून सांगतात, आणि तेवढ्यासाठी जायला संकोच करू नका. बाळंतपणानंतर निदान तीन महिने तरी उड्या नकोतच.

उड्यांनी गर्भाशय खाली सरकतं म्हणतात?

निरोगी बाईचं किंवा मुलीचं उड्यांनी गर्भाशय सरकत नाही. मुलींना याच भीतीने दोरीपासून दूर ठेवलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. अंग आधीच खाली उतरलेलं असेल किंवा योनीत जडपणा, काहीतरी खाली येतंय असं वाटत असेल, तर मात्र उड्या टाळा आणि दाखवून घ्या. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर खुशाल मारा, नसेल तर विश्रांती घ्या.

फक्त पोट कमी होईल का?

नाही. चरबी कुठून आधी जाणार हे अंग ठरवतं, व्यायामाचा प्रकार नाही.

महिना झाला, काटा हलत नाही. काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. नव्या व्यायामाने स्नायू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत वजन किलोभर वाढूही शकतं. एरवीही पाणी, मीठ, पाळी यांच्यामुळे ते दिवसागणिक एक-दोन किलो इकडेतिकडे होतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच वेळी वजन करा आणि चार आठवड्यांचा कल पाहा. बेंबीच्या पातळीवर कमरेचं मापही घ्या.

दोन महिन्यांनीही दोन्ही आकडे तिथेच असतील तर खाण्याकडे बघावं लागेल. व्यायामानंतर भूक वाढते आणि "आज उड्या मारल्यात" म्हणून घेतलेला एक जास्तीचा घास दहा मिनिटांची मेहनत सहज भरून काढतो. उपास करू नका. जेवणात प्रथिनं आणि भाज्यांचा वाटा वाढवा, गोड पेयं आणि तळलेलं कमी करा, आणि झोप पुरी घ्या.

उपाशीपोटी मारू की खाऊन?

पोटभर जेवणानंतर दोन तास थांबा. बाकी सकाळ असो की संध्याकाळ, जी वेळ रोज जमेल ती.

आधी-नंतर काय करायचं?

आधी पाच मिनिटं: जागच्या जागी चालणं, घोटे आणि मनगटं फिरवणं, भिंतीला हात टेकून १५ वेळा टाचा उचलणं. नंतर दोन-तीन मिनिटं सावकाश चाला, मग भिंतीला टेकून पोटऱ्या ताणा. एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. पोटरीत दोन स्नायू एकावर एक असतात आणि आतला गुडघा वाकवल्याशिवाय ताणला जात नाही.

दोरीशिवाय, नुसते हात फिरवून चालेल?

चालेल. छत खुजं असेल तर तोच मार्ग. फक्त अडकायचं भय नसल्याने उडी आळसावते, तिच्यावर लक्ष ठेवा.

मुलांची उंची वाढते का?

उंची आनुवंशिकता आणि पोषणावर ठरते. दोरीने ती वाढत नाही, खुंटतही नाही. मुलांना मारू द्या, त्यांची हाडं घडण्याचा काळ आहे.

एवढा एक व्यायाम पुरेसा आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी दिलेलं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायामाचं आहे. शिवाय आठवड्यात दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. दोरी जोरदार प्रकारात मोडते, पण ७५ मिनिटं नुसत्या उड्यांनी भरायचा हट्ट पायांना झेपणारा नाही. उड्यांच्या दिवशी उड्या, मधल्या दिवशी झपझप चालणं, आणि दोन दिवस उठाबशा, जोर, पाठीचे व्यायाम अशी मोट बांधा. वजन उतरताना स्नायू टिकून राहतात ते या ताकदीच्या व्यायामाने.

आजारपण किंवा प्रवासामुळे खंड पडला तर कुठून सुरू करू?

आठवड्याचा खंड असेल तर जिथे होतात त्याच्या एक टप्पा मागून. महिन्याहून जास्त असेल तर पुन्हा २० सेकंदांपासून, मात्र या वेळी प्रत्येक टप्पा एका आठवड्यात उरकला तरी चालतो. तापातून उठल्यावर नेहमीची कामं दमल्याशिवाय होऊ लागेपर्यंत दोरी हातात घेऊ नका. पहिल्या दिवशी आठ फेऱ्या झाल्या की दोरी गुंडाळून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना नडगी काय म्हणते ते पाहा.